धाक, अपमान आणि शरीराची साक्ष

मूल वसतिगृहात दाखल करताना बहुतेक पालक एकच विनंती करतात : "सर, जरा धाकात ठेवा." या विनंतीमागे मुलाविषयीची काळजी असते, त्याने शिकून मोठे व्हावे ही तळमळ असते, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु धाक मुलाच्या शरीरात नेमके काय करतो, आणि धाकाच्या नावाखाली जेव्हा चारचौघांत अपमान केला जातो तेव्हा शिकणे वाढते की खुंटते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव एकाच वेळी वाचावयास बसतात. म्हणून हा विषय येथेच मांडणे आम्हांस उचित वाटते. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. अपमानाचा धाक हे अध्यापनाचे साधन नव्हे. तो शिकण्याच्या शक्तीवरच केलेला आघात आहे, आणि याची साक्ष विद्यार्थ्याचे शरीर स्वतः देते.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला साक्षीपुरावा तपासण्याची सवय असते, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत शरीरशास्त्राने जो पुरावा गोळा केला आहे, तो कोणत्याही जिज्ञासू वाचकास समजेल इतका स्पष्ट आहे.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. शालेय विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हटले आहे. प्रत्येकीचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम. १८९४ साली जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर या इंग्रज संशोधकांनी या ग्रंथींचा अर्क प्राण्यांना टोचला, तेव्हा रक्तदाब झपाट्याने चढल्याचे त्यांना आढळले. पुढे १९०१ साली अमेरिकेत काम करणारे जपानी रसायनतज्ज्ञ जोकिची ताकामिने यांनी त्या अर्कातील प्रभावी द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले, तेच ॲड्रेनलिन. रक्तातून संदेश वाहून नेणाऱ्या अशा द्रव्यांसाठी अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली 'हॉर्मोन' हा शब्द वापरात आणला. चेतवणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो बनला आहे. मराठीतील 'संप्रेरक' या शब्दाचा भावही तोच. १९१५ साली हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी वेदना, भूक, भीती आणि संताप यांमुळे शरीरात घडणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. संकट समोर आले की प्राणी एकतर लढतो किंवा पळतो, आणि या दोहोंसाठी शरीर आपोआप सज्ज होते, हा त्यांचा सिद्धांत आज सर्वमान्य आहे.

ही सज्जता दोन लाटांनी येते. पहिली लाट काही सेकंदांत उसळते. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंमार्फत अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो आणि ॲड्रेनलिन रक्तात सुटते. हृदय जोराने धडधडते, श्वास वाढतो, यकृत साठवलेली साखर मोकळी करते, रक्त स्नायूंकडे वळते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. त्या क्षणी अन्न पचविणे निकडीचे नसते, म्हणून पचनाचे काम मंदावते. परीक्षेच्या सकाळी घास घशाखाली न उतरणे, तोंडाला कोरड पडणे, तळहातांना घाम सुटणे, पोटात गोळा येणे, या सर्वांचे मूळ येथे आहे. मुलगा 'नाटक करीत' नसतो. त्याचे शरीर संकटाची तयारी करीत असते.

दुसरी लाट सावकाश येते. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक हा भाग पियूषिका ग्रंथीला संदेश धाडतो. पियूषिका रक्तावाटे दुसरा संदेश अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरील थराला पोहोचविते, आणि तो थर कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतो. त्याची पातळी साधारणपणे वीस ते तीस मिनिटांनी शिगेला पोहोचते. कॉर्टिसॉल रक्तातील साखर टिकवून धरते आणि दाह आवरते. नंतर तेच मेंदूपर्यंत जाऊन 'आता पुरे' असे कळविते आणि साखळी थांबते. पाण्याची टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हावी, तशी ही व्यवस्था आहे. कॉर्टिसॉल हे शत्रू नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याच्या आजाराचे वर्णन थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली केले. अशा रुग्णाला उपचार न मिळाल्यास साधा तापही जीवघेणा ठरू शकतो. ताणाला तोंड देण्याची ही शक्ती म्हणजे आपल्या देहाचे मोठे धन आहे.

मग बिघडते कोठे? मोटार बंदच होत नाही, तेथे. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये उंदरांवर प्रयोग करीत होते. कडाक्याची थंडी, जखम, अतिश्रम, विषारी औषध असे निरनिराळे आघात त्यांनी केले, परंतु शरीरांत बदल मात्र सारखेच आढळले : अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठर व आतड्यांत व्रण. १९३६ साली 'नेचर' नियतकालिकात त्यांनी पानभरही नसलेल्या टिपणात हे प्रसिद्ध केले. पुढे १९६८ साली ब्रूस मॅक्युएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग अधिवृक्क ग्रंथीचे हे संप्रेरक विशेषत्वाने पकडून ठेवतो. नवी माहिती स्मरणात साठविण्याचे काम ज्या भागावर अवलंबून असते, तोच हा भाग. म्हणजे भीतीचे संप्रेरक थेट पाठांतराच्या दारावर जाऊन उभे राहते.

तेथे ते काय करते? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांना काही शब्द पाठ करावयास दिले आणि दुसऱ्या दिवशी ते आठवावयास सांगण्याआधी कॉर्टिसोनची गोळी दिली. हे औषध शरीरात जाऊन कॉर्टिसॉलच बनते. गोळी घेतलेल्यांना आदल्या दिवशी शिकलेले शब्द कमी आठवले. 'रात्री घडाघडा म्हणून दाखवले होते, सकाळी सरांनी उभे केले आणि सगळे पुसले गेले' ही तक्रार आपण कितीदा तरी ऐकतो आणि 'अभ्यासच केला नसेल' म्हणून निकालात काढतो. शरीराची साक्ष मात्र निराळी आहे : अभ्यास आत असतो, भीतीने त्याची वाट अडविलेली असते.

आता प्रश्न असा की, माणसाच्या शरीरात ही दुसरी लाट सर्वांत खात्रीने कशाने उसळते? जर्मनीतील ट्रियर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली यासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. व्यक्तीला थोडा वेळ तयारीस देऊन अनोळखी परीक्षकांपुढे उभे करावयाचे. तिने आधी भाषण करावयाचे आणि मग १०२२ मधून १३, पुन्हा १३, अशी तोंडी वजाबाकी भराभर करावयाची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांनी दाद द्यावयाची नाही. एवढ्यानेच लाळेतील कॉर्टिसॉल दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढते. २००४ साली सॅली डिकर्सन आणि मार्गारेट केमेनी यांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. काम नुसते अवघड असल्याने कॉर्टिसॉल फारसे वाढत नाही; परंतु इतरांदेखत आपली पायरी ठरविली जात आहे आणि परिणाम आपल्या हाती नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वाधिक वाढते आणि उतरावयासही अधिक वेळ लागतो, असे त्यांना दिसून आले.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. माणसाला हमखास ताण यावा म्हणून शास्त्रज्ञांनी जो प्रसंग मुद्दाम रचला, तो आपल्याकडील अनेक वर्गांत रोज विनासायास घडतो. फळ्यापुढे उभे केलेले मूल, मागे हसणारा वर्ग आणि निर्विकार चेहऱ्याचे गुरुजी.

आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला यात नवीन काय, असे वाटेल. कारण या दोन गोष्टींचा अनुभव आपल्या समाजाने शतकानुशतके घेतला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी आपल्या शाळकरी दिवसांची हकीकत नोंदविली आहे. त्यांना वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे-आणावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपाई असेल तरच पाणी मिळे, नसेल तर नाही. तहान आपली आणि नळ दुसऱ्याच्या हाती, तेही साऱ्या शाळेदेखत! २०८ प्रयोगांतून जे सूत्र निघाले, ते त्या एका नळापाशी संपूर्ण सामावलेले आहे. असे असूनही बाबासाहेब शिकले, ही त्यांच्या असामान्यत्वाची खूण होय. त्या व्यवस्थेचे समर्थन नव्हे.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली होती. मुलांची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत उल्लेखनीय फरक आढळला नाही. परंतु जेथे सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव, वडील-आजोबांचे नाव आणि जात मोठ्याने सांगितली गेली, तेथे दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुले त्याच वयाची, त्याच परिसरातली. बदलली ती केवळ एक घोषणा. त्या प्रयोगात लाळ किंवा रक्त तपासलेले नव्हते, म्हणून संप्रेरकांविषयी त्यावरून थेट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तरी 'आमच्या मुलांत गुणवत्ताच नाही' असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

पायरीचा हा परिणाम भारतापुरता वा बालपणापुरताही मर्यादित नाही. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल या नावाने प्रसिद्ध असलेला अभ्यास १९६७ साली सुरू झाला. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी त्यातून दाखविले की, सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचे हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब आदी कारणे हिशेबात धरूनही हा फरक पुरता उलगडला नाही. पुढच्या अभ्यासात असे आढळले की, आपल्या कामावर आपले नियंत्रण किती, या गोष्टीचा त्यात मोठा वाटा आहे. अवमान आणि परवशता शरीरात मुरतात. त्या केवळ मनाच्या गोष्टी राहत नाहीत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बहुधा आमच्या माजी विद्यार्थ्यांकडूनच येईल : "आम्ही मार खाल्ला, बोलणी खाल्ली, म्हणूनच घडलो. आजची मुले नाजूक झाली आहेत." या म्हणण्यामागील कष्टांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी लगेच विचारील, ही साक्ष कोणाची? जे टिकले त्यांची. जो मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला आणि परतलाच नाही, ज्या मुलीने नववीत शाळा सोडली, त्यांचे लेख कोणत्याही शाळेच्या स्मरणिकेत छापून येत नाहीत. मेळाव्याला जमलेल्यांना मोजून धाकाचे गुण गाणे म्हणजे किनाऱ्याला लागलेल्यांना विचारून पुराची थोरवी सांगण्यासारखे आहे. शिवाय जे टिकले ते धाकामुळे टिकले की धाक असतानाही टिकले, याचा ज्याने त्याने आपल्या मनाशी प्रामाणिक विचार करावा. बहुतेकांच्या आठवणीत पाठीवर हात ठेवणारे एखादे सर, एखाद्या बाई, स्वयंपाकघरातील एखादी मावशी असतेच. टिकवून धरणारे तेच असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : थोडाही ताण नको म्हटले तर मूल अभ्यास करील कसे? हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतो. स्पर्धेच्या मैदानावर, वक्तृत्वाच्या व्यासपीठावर, परीक्षेच्या दालनात थोडी धडधड हवीच. ती लक्ष एकवटते. रॉबर्ट यर्कीस आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवरील प्रयोगांत पाहिले की, सोपे काम तीव्र धक्क्यानेही लवकर शिकले जाते. पण काम अवघड असेल तर मध्यम धक्काच उपयोगी पडतो, तीव्र धक्क्याने शिकणे मागे पडते. गणित, व्याकरण, विज्ञान ही अवघड कामे आहेत. आव्हान आणि अपमान यांतील भेद येथेच आहे. आव्हान मुलाला म्हणते, 'हे कठीण आहे, तू करून बघ.' अपमान म्हणतो, 'हे तुझ्याच्याने होणार नाही, आणि ते सगळ्यांनी पाहावे.' पहिल्याने आलेली लाट काम संपताच ओसरते. दुसऱ्याची आठवण रात्री अंथरुणातही तीच लाट पुन्हा उसळविते.

अंथरुणाचा उल्लेख आला म्हणून निवासी शाळेच्या खास जबाबदारीकडे वळतो. दिवसाच्या शाळेतील मूल सायंकाळी घरी जाते. तेथे निदान मोटार बंद होण्याची संधी असते. निवासी शाळेतील मुलाला वर्ग, भोजनगृह आणि शयनगृह सारे एकच. ज्यांनी सकाळी हसे केले, त्यांच्याच शेजारी त्याला रात्री झोपावयाचे असते. म्हणून येथील मोठ्या माणसांवरचे ऋण दुप्पट आहे, आणि त्यांच्या हातातील उपायही दुप्पट आहेत.

पहिला उपाय झोप. कॉर्टिसॉल पहाटेपासून चढते, जागे झाल्यावर लवकरच उच्चांक गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. १९९९ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा सायंकाळी उतरावयाचे कॉर्टिसॉल चढेच राहिले. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते. दहावीच्या मुलांना मध्यरात्रीपर्यंत जागवून पहाटे पुन्हा उठविणारी अभ्यासिका कष्टाचे समाधान देत असेल. पण ती स्मरणशक्तीचे भांडवल खाऊन बसते.

दुसरा उपाय आपल्या माणसाचा आवाज. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली सात ते बारा वर्षांच्या ६१ मुलींना ट्रियरसारखीच परीक्षा दिली. त्यानंतर काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी ती केवळ फोनवर बोलली, काहींशी संपर्क झालाच नाही. आईचा आवाज फोनवर ऐकलेल्या मुलींचे कॉर्टिसॉलही उतरले आणि जिव्हाळ्याशी निगडित ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढले, जवळजवळ प्रत्यक्ष भेटीइतकेच. पुढच्या अभ्यासात लिखित संदेशाने मात्र हे साधले नाही. वसतिगृहातील आठवड्याचा फोन ही चैन नव्हे. तो ताण उतरविण्याचा शरीराचा मार्ग आहे. काही वसतिगृहांत शिक्षा म्हणून हा फोन बंद केला जातो. ही पद्धत जेथे असेल तेथून ती तत्काळ हद्दपार व्हावी. आणि पालकांनीही त्या दहा मिनिटांत 'किती गुण पडले?' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी 'जेवलास का, बाळा?' विचारावे.

तिसरा उपाय म्हणजे मानहानीच्या प्रथांना मूठमाती. प्रार्थनेच्या वेळी गुणांच्या उतरत्या क्रमाने नावे वाचणे, फी थकलेल्यांना उभे करणे, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जातीनुसार हात वर करावयास सांगणे, अंथरूण ओले करणाऱ्या लहानग्याचे नाव सर्वांत फोडणे, यांपैकी एकाही गोष्टीने कोणाचे गणित सुधारलेले नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. कायदा जे सांगतो तेच शरीरशास्त्रही सांगते. चूक दाखवावयाची असेल तर ती एकांतात दाखवावी, चाचणी आधी कळवून घ्यावी, चुकलेले गणित पुन्हा सोडविण्याची संधी द्यावी. परिणाम आपल्या हाती आहे असे मुलाला वाटू लागले की लाटेचा निम्मा जोर तेथेच मोडतो.

येथे एका धोक्याचाही इशारा देणे अगत्याचे आहे. ताणाचे शास्त्र खऱ्या अपराध्याला सोडवावयासही वापरता येते. ज्या सेल्ये यांचा वर उल्लेख केला, त्यांनी उत्तरायुष्यात अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांकडून पैसा घेतल्याचे त्या कंपन्यांच्या कागदपत्रांतून पुढे उघड झाले. रोगाचे खापर सिगारेटऐवजी ताणावर फुटणे कंपन्यांच्या सोयीचे होते. आपल्याकडेही 'ताण घेऊ नकोस, दीर्घ श्वास घे' असे पीडिताला सांगून पीडा देणाऱ्याला मोकळे सोडले जाते. सावकाश श्वास सोडल्याने हृदयाची गती मंदावते हे खरे, आणि मुलांना ते अवश्य शिकवावे. परंतु गोणपाटावर बसविलेल्या मुलाला श्वास मोजावयास सांगणे हे उत्तर नव्हे. गोणपाट उचलणे हे उत्तर आहे. बाबासाहेबांनी आपल्याला तेच शिकविले.

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले, ते केवळ निवाऱ्यासाठी नव्हे. बाहेर जे मूल पावलोपावली हिणविले जात होते, त्याला मान वर करून अभ्यास करता यावा, यासाठी ते होते. निवासी शाळा चालविणारा प्रत्येक जण त्या परंपरेचा वारसदार आहे. इमारती वाढल्या, निकालाची टक्केवारी वाढली, याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु शाळेची खरी कसोटी याहून साधी आहे : रात्री दिवे मालवल्यावर सर्वांत शेवटच्या खाटेवरील, सर्वांत कमी गुण मिळालेले मूल निर्धास्त झोपी जाते काय? त्याला निर्धास्त झोप लागेल अशी शाळा उभी करण्यासाठी पालकांनी धाकाची मागणी सोडावी, माजी विद्यार्थ्यांनी आपल्या जखमांना पदके समजणे सोडावे आणि शिक्षकांनी फळ्यापुढच्या मुलाकडे पाहून एकदा तरी प्रसन्न हसावे. त्या हसण्यास पैसा लागत नाही, आणि मुलाचे शरीर त्याची नोंद घेते.